एक शेपूट, चार आवाज

नमस्कार श्रोतेहो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या. पोळ्या लाटत असाल तर पोळपाटावरच्या पिठात बोटानं लिहिलंत तरी चालेल. इंग्रजीतली चार अक्षरं लिहायची आहेत: ओ, यू, जी, एच. पुन्हा सांगतो, ओ-यू-जी-एच. आता त्याच्या आधी एकेक अक्षर ठेवत चला. टी ठेवलं की टफ. आर ठेवलं की रफ, आपल्या रफ वहीतला रफ. सी ठेवलं की कॉफ, म्हणजे खोकला. डी ठेवलं की डो, म्हणजे मळलेली कणीक. आणि बी ठेवलं की बाउ, म्हणजे झाडाची मोठी फांदी. पाच शब्द, प्रत्येक पाच अक्षरांचा, सगळ्यांचं शेपूट एकच. आवाज मात्र चार: अफ, ऑफ, ओ आणि आउ.

माझी या शब्दांशी गाठ पडली ती आजीच्या खोकल्यामुळे. आमचं गाव कराडजवळ, कृष्णेकाठी. गुऱ्हाळं सुरू झाली, सकाळी धुकं उतरायला लागलं की आजीचा खोकला सुरू व्हायचा. त्या वर्षी वडिलांनी तालुक्याहून औषधाची बाटली आणली. मी पाचवीत होतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, म्हणजे एबीसीडी नुकतीच गिरवून झालेली. आजीला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "काय लिवलंय रं ह्याच्यावर? वाच की." मी बाटली कंदिलाजवळ धरली. सी-ओ-यू-जी-एच. एकेक अक्षर जोडत गेलो आणि म्हणालो, "कौघ."

आजीनं तो शब्द स्वतः म्हणून बघितला. "कौघ... कौख..." शेवटचं अक्षर तिच्या घशात अडकलं आणि तिला खोकल्याची उबळ आली. पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, तेव्हा ती डोळे पुसत म्हणाली, "अगदी बराबर लिवलंय बग. खोकल्याचा आवाजच लिवलाय."

(इथे एक सांगून टाकतो. औषधाच्या बाटलीवर काय आहे, किती घ्यायचं, कधी घ्यायचं, हे मराठीत ठळक छापलेलं असावं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. जिच्या पोटात औषध जायचं, तिला ते वाचता आलं पाहिजे.)

दुसऱ्या दिवशी आमच्या इंग्रजीच्या सरांनी सांगितलं होतं की घरात दिसलेला एक इंग्रजी शब्द प्रत्येकानं आणायचा. कुणी साबणाच्या कागदावरचा आणला, कुणी खताच्या पोत्यावरचा, एकानं सायकलच्या सीटवरचा. माझी पाळी आली. फळ्यावर सी-ओ-यू-जी-एच लिहिलं आणि म्हणालो, "कौघ." सर म्हणाले, "कॉफ. कॉफ म्हणजे खोकला." मी म्हणालो, "पण सर, आजी म्हणते..." आणि वर्ग हसला.

सरांनी खडू खाली ठेवला. वर्ग गप्प होईपर्यंत थांबले. मग मला विचारलं, "आजी काय म्हणते?"

मी सांगितलं. सरांनी खडू उचलला आणि माझ्या शब्दाच्या खाली एकाखाली एक चार शब्द लिहिले. टफ, रफ, डो, बाउ. प्रत्येकाच्या शेवटच्या चार अक्षरांखाली रेघ ओढली. आम्हाला मोठ्यानं म्हणायला लावलं, दोनदा, तीनदा. मग ते म्हणाले, "शेपूट एक, आवाज चार. असं का, ते मला माहीत नाही. तुमच्यापैकी ज्याला कळेल त्यानं मला येऊन सांगायचं." शिक्षक वर्गासमोर उभं राहून 'मला माहीत नाही' म्हणतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्या दिवसापासून ते सर मला फार मोठे वाटायला लागले. पुढे चुकलेलं स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहून आणायला लावणारे शिक्षकही भेटले. त्या दहा वेळांतून माझ्या हाताला कळ लागली, डोक्यात काही शिरलं नाही.

उत्तर सापडायला मला दहा वर्षं लागली. पुण्यात शिकत असताना ग्रंथालयात शब्दांचे उगम सांगणारा जाडजूड कोश मिळाला. मी सगळं सोडून आधी कॉफ काढला.

तर श्रोतेहो, नीट ऐका. ही जी-एच अक्षरं एके काळी खरोखर उच्चारली जायची. घशातून, ख आणि ह यांच्या मधून, घसा खरवडत येणारा आवाज. गझल गाणारे 'ख़याल' म्हणतात, त्यातला ख़ आठवा. इंग्रज माणूस टफ, रफ, डो, बाउ, या सगळ्यांच्या शेवटी तो आवाज काढायचा. जुन्या इंग्रजीत तो बहुधा नुसत्या एचनं लिहीत. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, फ्रेंच वळणाचे लेखनिक आले, आणि पुढच्या दोन-तीन शतकांत त्या आवाजासाठी जी-एच लिहायची पद्धत रुळत गेली. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाई वाढत गेली तशी स्पेलिंगं गोठत गेली. आणि नेमक्या त्याच काळात जिभा बदलत होत्या. घशातला तो आवाज लोकांना नकोसा झाला. काही शब्दांत तो गळून पडला, तिथे डो आणि बाउ झालं. काही शब्दांत तो घशातून ओठांवर आला, त्याचा फ झाला, तिथे टफ, रफ, कॉफ झालं. आधीचे स्वरही आपापल्या वाटेनं सरकले. छापखान्यातले खिळे मात्र जुळवलेले तसेच राहिले.

पुन्हा सांगतो: आवाज गेला, अक्षरं राहिली. जर्मन लोक रात्रीला अजून 'नाख्ट' म्हणतात, तो ख़ घशातून काढतात. इंग्रजी 'नाइट'मध्ये त्याच जागी जी-एच आहे, आणि संस्कृत 'नक्त'मध्ये त्याच जागी क आहे. तिघंही एका घरचे. आयर्लंडमध्ये तर आपल्याच शेपटाचा एक शब्द जुन्या आवाजासकट शिल्लक आहे: एल-ओ-यू-जी-एच, पाच अक्षरं, उच्चार लॉख, अर्थ तळं. उत्तर आयर्लंडातलं लॉख नेय हे ब्रिटन-आयर्लंडच्या सगळ्या बेटांवरचं सगळ्यात मोठं तळं.

आता या पाचांतले माझे दोन लाडके. बाउ, म्हणजे फांदी. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता खांदा. झाडाचा खांदा म्हणजे फांदी! आणि आपल्याकडे? खेड्यात फांदीला अजून खांदी म्हणतात. माणसाचा खांदा, झाडाची खांदी. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना झाडाकडे बघून एकच गोष्ट सुचली.

दुसरा डो, म्हणजे कणीक. त्याचं मूळ मळणे, लिंपणे, आकार देणे या अर्थाचं. त्याच मुळापासून संस्कृतातला 'देह' आला. मळून घडवलेला तो देह. डोमधलं मुकं जी-एच आणि देहातला ह, दोन्ही एकाच आवाजाचे वंशज. इंग्रजीतला 'लेडी' हा शब्दही याच कुळातला, मूळ अर्थ भाकरीसाठी पीठ मळणारी. आत्ता ज्या ताई पिठात बोटानं लिहितायत, त्यांना हे ऐकून बरं वाटेल.

हे शेपूट कापायचे प्रयत्नही झाले. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्द सोप्या स्पेलिंगनं छापायला सांगितलं, त्यात 'थ्रू'ची सातची चार अक्षरं होणार होती. तिथल्या संसदेनं विरोध केला, आदेश मागे गेला. मला विचाराल तर बरंच झालं. देहाशी असलेलं डोचं नातं मग डोळ्यांना कुठे दिसलं असतं? आणि आपणही चार आणि चाक यांत एकच च लिहितो, जीव आणि जावई यांत एकच ज. मराठी मुलाला ते अडत नाही, कारण त्याच्या कानात आधी आवाज असतो. इंग्रजीही आधी कानावर पडू द्या, स्पेलिंग मागून येईल. इंग्लंडात लफबरा नावाचं गाव आहे, त्याच्या नावात हे शेपूट दोनदा येतं आणि दोन्ही वेळा आवाज वेगळा. तिथल्या विद्यापीठात शिकणारी मुलं गावाचं नाव पाठ करून शिकत नाहीत, बसमध्ये ऐकून शिकतात.

तर, कोश वाचला त्याच्या पुढच्या सुट्टीत मी सरांच्या घरी गेलो. ते निवृत्त झाले होते, ओसरीवर सुपात शेंगा घेऊन फोडत बसले होते. मी सांगितलं, सर, उत्तर सापडलं. त्यांना लगेच आठवलं. म्हणाले, "बस. तो आवाज काढून दाखव." मी काढला. "पुन्हा." मी पुन्हा काढला. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं, ताठ बसले आणि स्वतः म्हणायला लागले. टौख. रौख. कौख. एकेक शब्द, घसा खरवडून, वर्गात आम्हाला म्हणायला लावत तसा दोनदा, तीनदा.

चौथ्या शब्दाला बाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. म्हणाल्या, "केव्हापासून खोकताय? आधी पाणी प्या बघू."

सर पाणी प्यायले, आणि तांब्या खाली ठेवून पाचवा शब्द म्हणाले.