सुटकेनंतर सोबत कोण?

(दृश्य : मायामी शहर, अमेरिकेतलं फ्लोरिडा राज्य. न्यायालयाची इमारत, आत-बाहेर करणारी माणसं.)

2000 साल. मायामी-डेड काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) न्यायाधीश स्टीव्ह लाइफमन यांना सुनावणीआधी एका आरोपीचे आईवडील भेटले. मुलाला उपचार मिळवून द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. मुलगा हार्वर्डला शिकलेला, स्वतः मनोविकारतज्ज्ञ. पुढे त्यालाच स्किझोफ्रेनियानं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजारानं गाठलं. काम गेलं, घर गेलं, तो रस्त्यावर आला आणि किरकोळ गुन्ह्यात पकडला गेला. त्या दिवशी भर कोर्टात त्याचा तोल सुटला.

तपासणी झाली. याला रुग्णालयात ठेवायला हवं, असं तज्ज्ञांनी सांगितलं. पण किरकोळ गुन्ह्यातल्या आरोपीला राज्याच्या मनोरुग्णालयात पाठवण्याचा अधिकारच या न्यायाधीशांना नव्हता. त्याला सोडून द्यावं लागलं. पुन्हा त्याच रस्त्यावर.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, मनोरुग्णालयांचे लांबच लांब वॉर्ड.)

1955 साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी गावोगावी उपचार केंद्रं उभारण्याच्या कायद्यावर सही केली. रुग्णालयं रिकामी झाली, केंद्रं मात्र पुरेशी उभी राहिली नाहीत. मधल्या मधे अडकलेली कितीतरी माणसं तुरुंगात पोहोचली.

(दृश्य : तुरुंगाचा लांब कॉरिडॉर.)

मायामीत नंतर एक अभ्यास झाला. तुरुंग आणि रुग्णालयांत सगळ्यात जास्त वेळा फिरून येणारी, मानसिक आजार असलेली 97 माणसं निवडली. पाच वर्षांत त्यांना मिळून सुमारे 2,200 वेळा अटक झाली होती. तुरुंगात त्यांचे 27,000 दिवस गेले होते, रुग्णालयांत आणि आपत्कालीन कक्षांत आणखी 13,000. खर्च एक कोटी डॉलरच्या वर. इतक्या पैशांत या माणसांना घर देता आलं असतं, सोबतीला माणूस देता आला असता. आणि हाती काय आलं? माणूस बरा झाला नाही, शहरही सुरक्षित झालं नाही.

लाइफमन यांनी पोलीस, वकील, डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक यांना एकत्र बसवलं. पहिलं काम पोलिसांचं. टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये 1988 पासून पोलिसांना 40 तासांचं प्रशिक्षण मिळत होतं : समोरचा माणूस भ्रमात असेल तर आवाज कसा खाली ठेवायचा, घाई कशी टाळायची, बेड्यांऐवजी दवाखाना कधी गाठायचा. मायामीनं तेच घेतलं.

तरीही कुणी तुरुंगात आलाच, तर तिथे त्याची तपासणी होते. आजार तीव्र असेल आणि गुन्हा किरकोळ असेल, तर एक-दोन दिवसांत त्याला उपचार केंद्रात हलवतात. तो सावरला आणि उपचारांना तयार झाला, की खटला मागे घेण्याचा किंवा आरोप सौम्य करण्याचा विचार होतो.

(दृश्य : एक स्त्री, खांद्याला पिशवी, हातात कागदांचं जाड पाकीट. तिच्या शेजारून चालणारा मध्यमवयीन माणूस.)

खरी कसोटी इथून पुढे. केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाकडे ओळखपत्र नसतं, म्हणून सरकारी भत्ता नाही. भत्ता नाही म्हणून खोली नाही. खोली नाही म्हणून गोळ्या ठेवायला जागा नाही. मग गोळ्या सुटतात आणि पुन्हा पोलिसांची गाडी येते. ही साखळी तोडण्याचं काम केस मॅनेजरचं. अर्ज भरणं, राहायची जागा शोधणं, डॉक्टरांची वेळ घेणं, कोर्टाच्या तारखेला बरोबर जाणं, फोन लागला नाही तर शोधत निघणं. वर्षभरापर्यंत हा पाठपुरावा चालतो. बरोबर अनेकदा असा सहकारी असतो, ज्यानं स्वतः मानसिक आजारातून वाट काढली आहे. मला या योजनेतली सगळ्यात मोलाची नेमणूक हीच वाटते. डॉक्टरांवर विश्वास न ठेवणारा माणूस त्याच्याशी बोलतो.

किरकोळ गुन्ह्यांतल्या या लोकांपैकी पूर्वी वर्षभरात पुन्हा पकडले जाणारे सुमारे 75 टक्के होते. ते प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास आलं. तुरुंगातली गर्दी इतकी घटली की काउंटीनं एक अख्खा तुरुंग बंद केला.

(दृश्य : आसाम. भातशेती, मातीचा रस्ता.)

सोबत कुणी नसेल तर काय होतं, हे आपल्या देशानं पाहिलं आहे. आसामच्या माचांग लालुंग यांना 1951 मध्ये अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. 1967 मध्ये डॉक्टरांनी त्यांना बरे ठरवलं. घरी पाठवायचं सोडून त्यांना गुवाहाटीच्या तुरुंगात नेलं. खटला कधी चाललाच नाही. ते सुटले 2005 मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, 1 रुपयाच्या जातमुचलक्यावर. डॉक्टरांच्या त्या निर्वाळ्यानंतर 38 वर्षं त्यांची चौकशी करणारं कुणी नव्हतं.

(दृश्य : पोलीस ठाणं, नंतर सरकारी रुग्णालयाची ओपीडी.)

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 100 सांगतं : आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस रस्त्यावर भटकताना सापडला, तर पोलिसांनी त्याला 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. कलम 98 मध्ये रुग्णालयातून सुटीनंतरच्या उपचारांचं नियोजन आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, जिथून रुग्ण घरी निघतो तिथे त्या नियोजनाच्या कागदावर एका माणसाचं नाव आणि फोन नंबर असलाच पाहिजे. पुढच्या महिन्यात गोळ्या संपल्या की त्याला विचारणारा माणूस.