तोफांचं बिल

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारी १९६२ ची लोकसभा निवडणूक. उत्तर मुंबईत काँग्रेसचे उमेदवार होते व्ही. के. कृष्ण मेनन, म्हणजे खुद्द देशाचे संरक्षणमंत्री. समोर उभे होते आचार्य कृपलानी. चीन हद्दीत घुसतोय, लष्कराची तयारी नाही, मेनन यांना घरी बसवा, असं कृपलानींचं म्हणणं. शांततेचं धोरण, अलिप्तता आणि कारखानदारी आधी, हे नेहरूंचं म्हणणं. मुंबईच्या मतदारांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मेनन यांना घसघशीत मताधिक्यानं निवडून दिलं. ऑक्टोबरात चीननं हल्ला केला. मेनन गेले, आणि मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून आपल्या तोंडी आहे.

त्या वाक्यानं आपली छाती फुगते, पण पुढचा हिशेब आपण सहसा सांगत नाही. संरक्षणाचा खर्च दोनच वर्षांत दुपटीहून अधिक झाला. सव्वाआठ लाखांचं सैन्य आणि हवाई दलाच्या पंचेचाळीस स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, असं लक्ष्य ठरलं. पैसा आणायचा कुठून? मोरारजी देसाई अर्थमंत्री. त्यांनी १९६३ मध्ये कंपन्यांच्या जादा नफ्यावर कर बसवला, सक्तीच्या ठेवीची योजना आणली. त्याच सुमारास परकीय चलनाची गळती थांबवण्यासाठी सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही! आपल्या झवेरी बाजारात काय झालं असेल, कल्पना करा. बावीस कॅरेटशिवाय मंगळसूत्राला हात न लावणारी गिऱ्हाइकं, आणि भट्टी विझवून बसलेले सोनार. देशभर हजारो कारागिरांचा धंदा बसला. हेच लोक काही महिन्यांपूर्वी राष्ट्रीय संरक्षण निधीत अंगावरचे दागिने काढून देत होते. पण एक मान्य करायला हवं. बिल कुणाच्या नावावर फाडलंय, हे त्या वर्षी प्रत्येकाला दिसत होतं.

पुढे वारं फिरलं. १९८६ साली चारशे दहा बोफोर्स तोफांचा करार झाला, आणि एप्रिल १९८७ मध्ये त्यातल्या दलालीची बातमी फुटली. ती फोडली स्वीडनच्या रेडिओनं; रेडिओवर बोलणाऱ्या माणसानं एवढा अभिमान मिरवला तर चालेल ना? १९८९ मध्ये राजीव गांधींचं सरकार गेलं. नुकसान एवढ्यावर थांबलं नाही. शस्त्रखरेदीच्या फायलीवर सही करायची म्हणजे उद्या चौकशीला सामोरं जायचं, अशी धास्ती साउथ ब्लॉकमध्ये, म्हणजे संरक्षण मंत्रालयात, बसली. अमेरिकेच्या एम-७७७ तोफांचा करार व्हायला २०१६ उजाडलं. कारगिलला तर याच बोफोर्सनी द्रासची शिखरं भाजून काढली. तेव्हा संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. मुंबईचा बंदसम्राट, समाजवादी, १९६७ मध्ये काँग्रेसचे दिग्गज स. का. पाटील यांना दक्षिण मुंबईत पाडणारा माणूस. पोखरणच्या अणुचाचण्यांच्या वेळीही मंत्री तेच. रस्त्यावरची चळवळ आणि अणुबॉम्ब एकाच माणसाच्या आयुष्यात मावले. राजकारणातली मतं कशी बदलतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

आज हेच युरोपात चाललंय. रशियानं फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर स्वारी केली आणि तीन दिवसांत जर्मनीच्या चान्सलरनी लष्करासाठी शंभर अब्ज युरोंचा वेगळा निधी जाहीर केला. तिथला ग्रीन पक्ष क्षेपणास्त्रांविरुद्धच्या शांतता चळवळीतून वर आलेला; मार्च २०२५ मध्ये संरक्षणासाठी कर्जाची मर्यादा सैल करायला त्याच पक्षानं मतं दिली. जपाननं १९७६ मध्ये संरक्षणखर्चावर स्वतःच घातलेली राष्ट्रीय उत्पादनाच्या एक टक्क्याची मर्यादा सोडून दोन टक्के गाठायचं ठरवलं. नाटोचे देश २०२५ च्या जूनमध्ये हेगला जमले आणि २०३५ पर्यंत जीडीपीच्या पाच टक्क्यांचं लक्ष्य ठरवून उठले. स्पेननं मात्र, आम्हाला हे जमणार नाही, असं तोंडावर सांगितलं.

मला यात सगळ्यात मजेशीर वाटतो डेन्मार्क. तिथे वसंतात एका शुक्रवारी प्रार्थनेची सुट्टी असे. सतराव्या शतकापासूनची. सरकारनं २०२३ मध्ये कायदा करून ती रद्द केली. लोकांनी एक दिवस जास्त काम करायचं, त्यातून वाढणारा महसूल संरक्षणाला. कोपनहेगनमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला, कामगार संघटना खवळल्या, पाद्री मंडळी नाराज झाली, पण सुट्टी गेली ती गेलीच. आता मंडळी, आपल्याकडे कुणी मंत्रालयाच्या पायरीवर उभं राहून म्हणालं, की लष्करासाठी यंदापासून अनंत चतुर्दशीची सुट्टी बंद, तर? पुढचं मी बोलत नाही. ब्रिटननं वेगळा मार्ग धरला. संरक्षणाचा खर्च अडीच टक्क्यांवर नेण्यासाठी गरीब देशांना द्यायची मदत ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. त्या खात्याच्या मंत्रीणबाईंनी राजीनामा दिला.

आणि आपण? २०२५-२६ मध्ये संरक्षणाची तरतूद ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होती. विरोधात बोलणारा पक्ष मला तरी दिसत नाही. उलट, जीडीपीच्या मानानं आपण दोन टक्क्यांच्याही आत आहोत, तीन करा, असं संसदेची स्थायी समिती सांगत आली आहे. विरोध नाही तो नाही, निदान चर्चा तरी? २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये गदारोळात सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एका दमात मंजूर झाल्या. संरक्षणही त्यातच.

२०२५-२६ च्या त्या तरतुदीतल्या दर शंभर रुपयांतले जवळजवळ चोवीस रुपये निवृत्तिवेतनाला होते. सुमारे सव्वीस रुपये नवी विमानं, जहाजं, तोफा यांना. उरलेल्यातले बहुतेक पगार, शिधा, इंधन, दारूगोळा, डागडुजी यांत संपतात. निवृत्तिवेतनावर कुणी बोट ठेवणार नाही, ठेवूही नये. सातारा-कोल्हापूरकडच्या किती घरांची चूल त्यावर पेटते, ते मुंबईतल्या अर्ध्या लोकांना गावाकडून ठाऊक आहे. पण भार कमी करायचा म्हणून २०२२ मध्ये अग्निपथ आली, चार वर्षांची भरती, तेव्हा बिल अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या नावावर फाटलं. ते कुणी त्या शब्दांत सांगितलं नाही, एवढंच.

मुंबईत आणखी एक बदल झाला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. माझगाव डॉकचा शेअर सप्टेंबर २०२० च्या अखेरीस १४५ रुपयांना विकायला आला आणि पुढे कितीतरी पटींनी चढला. पूर्वी हार्बर लाइनला डॉकयार्ड रोडला उतरणारा कामगारच त्या गोदीचा माणूस असे. आता त्याच गाडीत मोबाइलवर त्या गोदीचा भाव बघणारेही भेटतात. ऑपरेशन सिंदूरनंतर डिफेन्सचे शेअर उसळले तेव्हा दलाल स्ट्रीटवर बर्फी वाटावी अशी हवा होती. ज्याच्या डिमॅट खात्यात तोफ आहे, त्याला संरक्षणखर्च वाढायला नको कसा असेल? यात वाईट काही नाही. पण एवढ्यानं हा पाठिंबा देशभक्तीच्या खात्यात जमा धरायला मी तयार नाही.

खर्च वाढावा, असंच माझं मत आहे. चीन शेजारी आहे आणि जुनी मिग विमानं निवृत्त झाल्यावर स्क्वाड्रन उरल्यात तिशीच्या आत. मंजूर आहेत बेचाळीस. पण आकडा वाढला म्हणजे ताकद वाढली, असं धरून चालणं मला परवडणारं वाटत नाही. २०२४-२५ मध्ये नव्या सामग्रीसाठी १ लाख ७२ हजार कोटी दिले होते. सुधारित अंदाजात ते साडेबारा हजार कोटींनी कमी झाले.

माझगाव डॉकमध्येच बघा. सहा पाणबुड्यांचा करार २००५ चा. पहिली कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली, सहावी वाघशीर जानेवारी २०२५ मध्ये, इथेच मुंबईच्या नौदल गोदीत. काम उत्तम, शंका नाही. पण या पाणबुड्यांसाठी जे इटालियन टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून मारा करणारी अस्त्रं, घ्यायचे होते, ते हेलिकॉप्टर खरेदीतल्या लाचखोरीच्या प्रकरणात अडकले. टॉर्पेडोंचा पुरवठादार हेलिकॉप्टर बनवणाऱ्याच उद्योगसमूहातला, म्हणून खरेदीच रद्द. जुन्या जर्मन पाणबुड्यांसाठी घेतलेल्या टॉर्पेडोंवर काम भागवलं गेलं. आपला स्वदेशी टॉर्पेडो कलवरी जातीच्या पाणबुड्यांवर बसवण्याचा करार झाला ३० डिसेंबर २०२४ ला, म्हणजे पहिली पाणबुडी ताफ्यात आल्यानंतर सात वर्षांनी. त्या सात वर्षांत संरक्षणाची तरतूद दर फेब्रुवारीत वाढतच होती.

नमस्कार.