पूर्णेच्या गँगचं रॅचेट

(दृश्य : जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. टांगलेला रुळाचा तुकडा. घंटेचे टोल.)

परभणी जिल्ह्यातली ही शाळा. मधल्या सुट्टीची घंटा म्हणून जे वाजतंय तो रुळाचा तुकडा आहे. मराठवाड्यात असे तुकडे शाळांत आहेत, देवळांत आहेत, कुठे शेताच्या फाटकाला खांब म्हणून रोवलेले आहेत. मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली जुनी लाइन उखडली तेव्हा जुनं लोखंड भंगारात गेलं आणि भंगारातून गावोगाव पोचलं.

तार ज्या भोकातून ओवली आहे ते भोक जरा निरखून बघा. इंचभर रुंद, सरळ आरपार, कडेला कुठे चीर नाही. काही भोकं कारखान्यातूनच पडून यायची. पण कितीतरी भोकं इथेच, लाइनवर, दोन माणसांनी खडीत बसून हाताने पाडलेली आहेत. ती ज्या अवजाराने पाडली ते आम्हाला पूर्णा जंक्शनला सापडलं, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमधल्या एका निवृत्त गँगमनच्या घरी, ज्वारीच्या कणगीमागे. आम्ही त्यांना मामा म्हणतो.

(दृश्य : पोत्यातून अवजार बाहेर काढताना. हातांचे क्लोज-अप.)

हे रॅचेट, रुळाला भोक पाडायचं हातड्रिल. वजनाला बरंच जड. हा वाकडा भाग म्हणजे आकडा, तो रुळाच्या डोक्यावरून पलीकडच्या बाजूला अडकतो. हा मागचा फीड स्क्रू. पुढे बिट बसतो, म्हणजे भोक कापणारं टोक; मागचा स्क्रू त्याला पुढे रेटतो. आणि मधे हे लांब हँडल.

हँडलच्या बुडाशी दातांचं चाक आहे. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तसलेच कुत्ते या दातांत अडकतात. हँडल एका बाजूला ओढलं की बिट फिरतो. परत नेलं की कुत्ते दातांवरून टकटक करत घसरतात आणि बिट जागचा हलत नाही. पुन्हा ओढलं की पुन्हा थोडा फिरतो. पूर्ण चक्कर मारायची गरजच नाही.

ही रचना अशी का, ते रुळाशेजारी बसल्याशिवाय कळत नाही. मीटर गेजचा हा रूळ जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर उंच. भोक पाडायचं त्याच्या मधल्या उभ्या भागात, ज्याला सगळे वेब म्हणतात. म्हणजे जमिनीपासून चार बोटांवर. तिथे साधं हँडल गोल फिरवायला गेलात तर खाली स्लीपर आडवा येतो, खडी आडवी येते. रॅचेटला वरची अर्धी बाजू मोकळी मिळाली तरी पुरते. अडचणीच्या जागेचं हे अवजार आहे आणि ज्याने कुणी ते पहिल्यांदा बनवलं असेल, त्याने रुळाशेजारी गुडघे टेकलेले असणार.

(दृश्य : जुने नकाशे. पूर्णा स्टेशन, फलाट, रेल्वे क्वार्टर.)

मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी ही लाइन 1900 च्या सुमारास सुरू झाली. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे हे तिचं नाव. बांधली निजामाच्या गॅरंटीवर चालणाऱ्या कंपनीने. 1930 मध्ये निजाम सरकारने ती कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, पुढे ही रेल्वेही भारतीय रेल्वेत आली. 1966 पासून दक्षिण मध्य रेल्वे, 2003 पासून नांदेड विभाग. साहेब बदलले, पाट्या बदलल्या. रुळाशेजारची गँग मात्र तीच राहिली.

मेट म्हणजे गँगचा प्रमुख, की-मन आणि आठ-दहा गँगमन. पाच-सहा किलोमीटरची बीट, म्हणजे सांभाळायचा पट्टा. मीटर गेजचा एक रूळ 12 मीटरचा. म्हणजे दोन्ही बाजू धरून किलोमीटरला दीडशेच्या वर जॉइंट. एका जॉइंटला दोन फिशप्लेटा, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, आणि चार बोल्ट. एवढ्याशा बीटमध्ये तीन-चार हजार बोल्ट झाले, आणि प्रत्येक बोल्टाला एक भोक. की-मन रोज सकाळी हातोडी आणि पाना घेऊन चालत निघायचा तो याच बोल्टांसाठी.

(दृश्य : दुपार. तापलेले रूळ, वर थरथरणारी हवा.)

आता मे महिन्यातली परभणी. हवा 44 अंशांवर, रूळ त्याहून बराच तापलेला, साठच्या पुढे. हीच परभणी काही हिवाळ्यांत पाच अंशांच्या खाली उतरते. एवढ्या फरकाला 12 मीटरचा रूळ साडेसात मिलिमीटरने लांबतो-आखडतो. म्हणून दोन रुळांच्या मधे फट ठेवतात, आणि म्हणूनच बोल्टापेक्षा भोक थोडं मोठं असतं, रुळाला सरकायला जागा मिळावी म्हणून.

भोक दोन-तीन मिलिमीटर जरी चुकीच्या जागी पडलं, तरी उन्हाळ्यात नाहीतर हिवाळ्यात बोल्ट त्याच्या कडेवर येऊन टेकतो. वरून गाडी जाते, प्रत्येक चाक जॉइंटवर आपटतं, आणि त्या कडेपासून तिरपी चीर निघते. भोकाच्या चारी अंगांनी तिरप्या चिरा, म्हणून तिला स्टार क्रॅक म्हणतात. फिशप्लेटच्या आड असते, वरून दिसत नाही. बोल्ट काढून, फिशप्लेट उतरवून, भोकाभोवती पुसून बघावं लागतं.

(दृश्य : अंगण. दोन लाकडी ओंडक्यांवर रुळाचा तुकडा.)

चालू लाइनवर असलं काही करता येत नाही, करूही नये. म्हणून हा तुकडा घेतला. मीटर गेजचाच आहे. वेबवरची उठावाची अक्षरं झिजलीत, पण 60 वाचता येतं. 60 रत्तल, एका यार्डाला. म्हणजे मीटरला साधारण 30 किलो. आज मुख्य लाइनला मीटरला 60 किलोचा रूळ लागतो, बरोबर दुप्पट. जुन्या रुळाचं वेब 11 मिलिमीटर जाड, आजच्याचं साडेसोळा.

मामा कामाला बसले. पूर्ण भोक पडेपर्यंत आम्ही कॅमेरा बंद केला नाही.

पहिलं काम मोजायचं. जुनी फिशप्लेट रुळाला लावून तिच्या भोकातून खडूने खूण केली. नुसत्या खडूवर मामांचा भरवसा नाही. रुळाच्या टोकापासूनचं अंतर पट्टीने मोजलं, खालच्या पायापासूनची उंची मोजली, फिशप्लेट उतरवून पुन्हा मोजली. मग सेंटर पंच ठेवून हातोडीचा एकच ठोका. एकच, कारण दुसरा ठोका पहिल्याच्या शेजारी पडला की बिट दोन खड्ड्यांच्या मधे नाचतो.

(दृश्य : बिटची धार, बोटाचा स्पर्श.)

बिट हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरला. दोन्ही ओठ सारखे आहेत का बघितलं. एक ओठ लांब, एक आखूड असला तर भोक बिटापेक्षा मोठं आणि वेडंवाकडं पडतं. रुळाचं पोलाद काही साधं लोखंड नव्हे. कार्बन अर्ध्या ते पाऊण टक्क्याच्या आसपास, म्हणून तर चाकाखाली झिजत नाही, आणि म्हणूनच बोथट बिटाला दाद देत नाही. धार नसेल तर बिट कापायचं सोडून घासत बसतो. घासला की भोकाचा तळ तापतो, घट्ट होतो आणि मग नवी धारही त्यावरून घसरते.

आकडा अडकवला. फीड स्क्रू फिरवून बिटचं टोक पंचाच्या खड्ड्यात टेकवलं. मग लगेच सुरुवात नाही. मामा एक डोळा मिटून बाजूने बघतात, वरून बघतात. बिट वेबला काटकोनात आहे की नाही. थोडा जरी खाली झुकला असेल तरी भोक पलीकडे तिरपं निघणार आणि बोल्ट बसणार नाही.

हँडलवर नातू. कॉलेजात जाणारा, दंडात ताकद. पहिल्या पाच-सहा ओढींतच त्याने झटके द्यायला सुरुवात केली.

"आबा, हलंना गेलंय."

"दमानं घे बाळा. भोक पाडूलालो आपण, विहीर नाही खंदूलालो."

त्यांनी फीड अर्धी चक्कर मागे घेतली. साबणाचं पाणी सोडलं. मग पुन्हा.

(दृश्य : सलग शॉट. फक्त आवाज : ओढ, टकटक, ओढ, टकटक.)

आता कीस बघा. राखाडी, चमकदार, लांब वेटोळी. असा कीस येतोय तोवर सगळं ठीक. भुगा यायला लागला की धार गेली. निळसर झाला की पाणी कमी पडलं. मामा बिटाकडे बघतच नाहीत, नजर सारखी किसावर. आणि डावा हात फीड स्क्रूवर. दर दोन-तीन ओढींनंतर किंचित पुढे. किती पुढे, ते विचारलं तर त्यांना सांगता येईना. हात धरून दाखवलं.

जोडीत दोघांचं काम सारखं नव्हतं. हँडल ओढायला कुणीही चालायचा. फीडवर मेट ज्याला बसवील तोच बसायचा. धार चांगली असेल तर अर्धा तास, नसेल तर पाऊण, असा मामांचा हिशेब. आणि हे मधे गाडी आली नाही तर. आकडा रुळाच्या डोक्यावर असतो, म्हणजे चाकाच्या वाटेत. काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंना लाल बावटे जायचे. मीटर गेजला 400 मीटरवर बॅनर आणि 800 मीटरवर रुळाला बांधलेले, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारे फटाके. गाडी सोडायची वेळ आली की अर्धं पडलेलं भोक तसंच ठेवून रॅचेट उतरवायचं, गाडी गेली की पुन्हा चढवायचं, आणि बिट त्याच खड्ड्यात पुन्हा काटकोनात बसवायचा.

(दृश्य : पलीकडच्या बाजूने वेब. फुगवटा, मग बिटचं टोक.)

हा शेवटचा टप्पा. मामांनी नातवाला थांबवलं आणि हँडल स्वतःच्या हातात घेतलं. बिट पलीकडे फुटायच्या वेळी पोलाद पातळ उरतं, बिट त्यात चावतो आणि झटक्यात ओढला जातो. तिथे जोर लावला की बिट तुटलाच. त्यांनी फीड सोडलं. आखूड, अगदी आखूड ओढी. टोक बाहेर आलं, मग सगळा बिट.

भोक पडलं, काम संपलं नाही. गोल कानस घेऊन दोन्ही बाजूंची कड मोडली. बोटाला खरखर लागेनाशी होईपर्यंत सोडलं नाही. चीर सुरू होते ती याच कडेवरून. आता रेल्वेत भोकाची कड दाबून घट्ट करायचं वेगळं अवजार आहे, चॅम्फरिंगचं. त्याने कडेचं पोलाद दबून टणक होतं. मामांच्या काळात होती ती कानस.

एक गोष्ट इथे ठासून सांगायची आहे. गॅसने रुळाला भोक पाडायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. गॅसच्या ज्योतीला मिनिटही लागत नाही. पण वितळलेली कड झटकन थंड होते, काचेसारखी ठिसूळ होते, आणि चीर तिथे तयारच बसलेली असते. थंड पोलाद हळूहळू कापून पाडलेलं भोक आणि जाळून पाडलेलं भोक फोटोत सारखंच दिसेल. गाडीच्या चाकाला फरक कळतो. अर्धा तास घाम गाळून ते हाताने पाडत होते, ते मशीन नव्हतं म्हणून, हे खरं. पण घाईची दुसरी वाट समोर असतानाही ती धरली नाही, हेही तितकंच खरं.

(दृश्य : जुन्या रुळांचा ढीग. टोकं कापलेले रूळ.)

कारखान्यातून भोकं पडून येत असताना लाइनवर पुन्हा का पाडायची? कारण रुळाचं टोक चाकांच्या आपटीने दबतं. ते कापून टाकलं की कारखान्याची भोकंही त्याच्याबरोबर जातात. वळणावर आतला रूळ बाहेरच्यापेक्षा कमी लांबीचा लागतो, तोही कापून घ्यावा लागतो. आणि रूळ तुटला, तर मधे बसवायच्या तुकड्याला दोन्ही टोकांना भोकं हवीतच.

जगभर ही गरज तीच होती. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या हार्वे गावी बुडा नावाची कंपनी रुळांसाठी खास हातड्रिलं बनवायची.

(दृश्य : आजची लाइन. विजेच्या तारा, धावती एक्सप्रेस.)

1990 च्या दशकापासून ही लाइन टप्प्याटप्प्याने ब्रॉड गेज झाली. पूर्णा–अकोला 2008 मध्ये. आता 13 मीटरचे वीस रूळ जोडून 260 मीटरचा एक पट्टा येतो, लाइनवर थर्मिट वेल्डिंगने पुढे जोडला जातो. जॉइंट कमी झाले, भोकंही कमी झाली. राहिली ती पेट्रोलवर किंवा विजेवर चालणाऱ्या ड्रिलने पडतात. काम वेगाने होतं, चांगलं होतं. गँगची माणसं कमी झाली, मामांचा उजवा खांदा आता वर जात नाही.

तरी हिवाळ्यातल्या पहाटे रूळ आखडून तुटतोच, गस्तीवाला कंदिलाऐवजी टॉर्च घेऊन चालतोच, आणि तुकडा बसवताना भोक आजही मोजूनच, थंड पोलादातच पाडावं लागतं. मशीन फिरवतं. काटकोन बघायचा, धार बघायची, कीस बघायचा, तो माणसानेच.

(दृश्य : मामा रॅचेटला तेल देताना.)

या रॅचेटचा एक कुत्ता झिजला होता. परभणीतल्या लेथवाल्याने जुना बघून नवा करून दिला, म्हणून हे चित्रीकरण झालं. अशी अवजारं जुन्या गँग हटमध्ये, स्टोअरच्या कोपऱ्यात, निवृत्तांच्या माळ्यावर अजून पडलेली असणार. ती किलोच्या भावाने जाऊ नयेत. काचेच्या पेटीत ठेवली तरी अर्धंच काम होईल, कारण फीड किती द्यायचं ते पेटी सांगत नाही. नांदेड विभागाच्या नव्या ट्रॅक मेंटेनरना, म्हणजे आजच्या गँगमनना, एक दिवस हे हातात द्यावं, एवढंच आमचं मागणं आहे. मामा शिकवायला तयार आहेत, बसून शिकवीन म्हणतात. रुळाचा एक तुकडा लागेल, बादलीभर साबणाचं पाणी, आणि धार लावलेले दोन बिट. दोन, कारण पहिला पोरं तोडणार, हे ते गृहीतच धरून आहेत.