हायड्रोजन आधी पकडायचा, मग मोजायचा

मंडळी, यंत्राकडे नंतर येऊ. आधी साधी लोखंडी तार घ्या. १८७५ साली डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी अशी तार काही मिनिटं आम्लात बुडवली. बाहेर काढून वाकवली, तर तटकन तुटली. तुटलेलं टोक ओलं केलं, तर त्यावर बारीक बुडबुड्यांचा फेस! लोखंडात शिरलेला हायड्रोजन बाहेर पडत होता. आणि तीच तार नुसती ठेवून दिली, की हळूहळू पुन्हा चिवट.

धातूतला हायड्रोजन मोजणाऱ्या आमची सगळी डोकेदुखी या शेवटच्या वाक्यात आहे: हायड्रोजन आपोआप निघून जातो. एकदा एका कारखान्यातून तुटलेल्या बोल्टचा तुकडा आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कुरियरनं, पाचव्या दिवशी. कापताना ग्राइंडरच्या उष्णतेनं निळा पडलेला, म्हणजे हायड्रोजन आणखी पळालेला. सोबत चिठ्ठी, ‘हायड्रोजन किती ते अर्जंट कळवा.’ कळवला. पण तो तुकड्यात उरलेला. बोल्ट तुटला तेव्हा किती होता, ते देव जाणे.

वेल्डिंगवाले याबाबतीत शहाणे. ठरावीक मापाच्या पट्टीवर रॉड चालवायचा, आर्क थांबला की काही सेकंदांत पट्टी बर्फाच्या पाण्यात, तिथून द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना. त्या थंडीत हायड्रोजन जागचा हलत नाही. मग तुकडा पाऱ्याखाली ठेवायचा आणि वर नळीत साठलेला वायू मोजायचा, कित्येक दिवस. १०० ग्रॅम वेल्डमागे ५ मिलिलिटरच्या आत आला, तर रॉड ‘एच-५’. पाऱ्याऐवजी ग्लिसरीनही वापरत. स्वस्त, पण थोडा वायू त्यातच अडकतो आणि आकडा कमी येतो. कमी आकडा सगळ्यांनाच आवडतो, म्हणून ती पद्धत एवढी टिकली असावी, असं माझं आपलं मत. आता तुकडा ४०० अंशांपर्यंत तापवून गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) काही तासांत काम होतं.

पण हा झाला फिरता, म्हणजे धातूत हलू शकणारा हायड्रोजन. अडकलेल्यासह सगळा हवा, तर ग्राफाइटच्या मुशीत तुकडा वितळवायचा. निघालेला वायू नायट्रोजन किंवा आर्गॉनच्या प्रवाहाबरोबर डिटेक्टरकडे जातो आणि तो प्रवाह उष्णता किती वाहून नेतो यावरून हायड्रोजन कळतो. एक ग्रॅम पोलादात २ पीपीएम (दहा लाखांत २ भाग) म्हणजे २ मायक्रोग्रॅम. तेवढा हायड्रोजन १८ मायक्रोग्रॅम पाण्यात असतो. बोटाचा घाम लागला, की आकडा गेला! म्हणून नमुना चिमट्यानंच धरायचा. नवी मुलं हसतात. पहिला रिपोर्ट बिघडला, की थांबतात.

अणुभट्टीच्या नळ्या ज्या धातूच्या असतात, त्या झिर्कोनियमचं उलट. तिथे हायड्राइड, म्हणजे धातूशी संयुग, बनून हायड्रोजन ठाण मांडून बसतो, पळायची भीती नाही. १९८३ साली कॅनडात पिकरिंगच्या अणुभट्टीतली दाबनलिका (इंधन आणि दाबाखालचं गरम पाणी असलेली नळी) याच हायड्राइडमुळे फाटली. पण वापरात असलेल्या अणुभट्टीची नळी तपासायला कापणार कशी? यासाठी आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं एक हत्यार बनवलं. भट्टी बंद असताना ते नळीत आत सरकवायचं आणि आतल्या बाजूनं धातूचा पातळ कीस खरवडून आणायचा. पहिला कीस ऑक्साइडचा, तो टाकून द्यायचा. त्याच जागी पुन्हा खरवडून निघतो तो नमुना.