आदेश रद्द झाला, पण नुकसानीचं काय?

परवाना रद्द झालेला किंवा माल जप्त झालेला माणूस वकिलाकडे येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, "हे चुकीचं आहे ना?" पुष्कळदा ते दाखवून देता येतं. दुसरा प्रश्न अवघड असतो: "मग माझं नुकसान कोण भरून देणार?" कोर्टाने आदेश बेकायदा ठरवला की भरपाई आपोआप मिळते, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही, आणि आज मी मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

आदेशाला आव्हान कसं द्यायचं, हे आधी थोडक्यात सांगतो. मुद्दे जवळपास सगळीकडे तेच असतात. अधिकाऱ्याला तो अधिकार होता का? तुमची बाजू ऐकून घेतली का? कारणं दिली का? आणि सौम्य उपायाने भागत असताना टोकाची कारवाई केली का? आधी खात्यातलं अपील किंवा न्यायाधिकरण, मग कोर्ट, असा साधारण क्रम. एकच गोष्ट बजावून सांगतो. वरिष्ठांना विनंतीअर्ज करत बसल्याने अपिलाची मुदत सहसा थांबत नाही. साहेब बघतो म्हणाले, एवढ्या भरवशावर लोक मुदत घालवतात. आणि आदेशाची प्रत नीट वाचा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सांगितलं, की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जाईल. मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणं घालून तो सावरता येणार नाही.

आता स्थगिती. खटला चालू असताना आदेश थांबला नाही, तर शेवटी जिंकूनही हातात फारसं काही उरत नाही. मॅगीचं प्रकरण आठवा. जून 2015 मध्ये केंद्रीय नियामकाने विक्री थांबवून माल परत घ्यायला लावला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो आदेश रद्द केला. कंपनीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं नाही आणि चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नाहीत, ही त्यातली मोठी कारणं होती. तोवर बाजारातून परत आणलेल्या प्रचंड मालाची विल्हेवाट सुरू झालेली होती. एवढी मोठी कंपनी तो फटका सोसू शकते. चार कामगारांचा कारखाना तेवढ्या दिवसांत संपतो.

स्थगितीच्या अर्जावर सरकारी वकिलांचा ठरलेला युक्तिवाद असतो: नुकसान पैशाचंच आहे, ते नंतर भरून देता येईल, म्हणून आत्ता स्थगिती नको. कोर्टाला तो अनेकदा पटतो. पुढे तोच माणूस भरपाई मागायला गेला की ऐकवलं जातं, अधिकाऱ्याने सद्भावनेने काम केलं, म्हणून पैसे नाहीत. एका दारात दुसरं दाखवायचं आणि दुसऱ्या दारात हात वर करायचे, हा मला या साऱ्या कायद्यातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. म्हणून स्थगिती मागताना सरकारचं ते विधान कोर्टाच्या आदेशात नोंदवून घ्या, हमी मागा. जप्तीच्या दिवसापासून मालाची मोजणी, पंचनाम्याची प्रत, फोटो, रद्द झालेल्या ऑर्डरी, कर्जाचं व्याज, सगळं तारीखवार ठेवा.

सद्भावनेची ही ढाल किती भक्कम आहे, ते सिडनीतल्या डनलॉप खटल्यात दिसतं. तिथल्या पालिकेने एका मालमत्तेवर घातलेली बांधकामाची बंधनं बेकायदा ठरली. मालकाला दरम्यान मोठं व्याज भरावं लागलं होतं. पण पालिका कायदेशीर सल्ला घेऊन वागली होती, म्हणून 1981 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तिथल्या खटल्यांसाठी तेव्हाच्या वरच्या अपील न्यायालयाने, भरपाई नाकारली.

ढाल तुटते ती हेतू वाईट ठरला की. कॅनडात मॉन्ट्रियलमध्ये फ्रँक रोन्कारेली यांचं रेस्टॉरंट होतं. मद्यपरवाना त्या घराण्याकडे 34 वर्षं होता. ते यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांना, परवान्याशिवाय पत्रकं वाटल्याच्या गुन्ह्यात, जामीन राहत. डिसेंबर 1946 मध्ये क्युबेक प्रांताचे प्रीमियर (मुख्यमंत्री) मॉरिस ड्युप्लेसी यांच्या सांगण्यावरून तो परवाना रद्द झाला, आणि पुन्हा कधीच मिळणार नाही असंही जाहीर झालं. भरल्या दुकानातून मद्य उचलून नेलं. परवान्याशिवाय धंदा परवडेना, तो विकावा लागला. जामीन राहण्याचा आणि मद्यविक्रीचा संबंध काय? काहीच नाही, आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये हेच धरलं. ड्युप्लेसी यांनी स्वतः 33 हजारांहून जास्त डॉलर द्यावेत, असा निकाल झाला. बारा वर्षं गेली, पण अधिकार दिलेल्या कारणासाठीच वापरावा लागतो, हे पक्कं झालं.

असा पुरावा मात्र क्वचितच हाती लागतो. म्हणून मला फ्रान्सची वाट जास्त न्याय्य वाटते. दुधाच्या धंद्याला संरक्षण म्हणून 1934 च्या कायद्याने सायीसारख्या पदार्थांवर बंदी घातली. ला फ्लरेत कंपनीचं उत्पादन त्यात बंद पडलं. पदार्थ घातक असल्याचं काही दिसत नव्हतं. कायदा वैध, कुणाचा हेतू वाईट नाही. तरी 1938 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने भरपाई दिली: सगळ्यांच्या हितासाठीचा बोजा एकट्यावर टाकता येणार नाही.

भारतातही एक उदाहरण आहे. 1975 मध्ये आंध्र प्रदेशात नागेंद्र राव आणि कंपनीचं खत आणि धान्य जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली जप्त झालं. पुढे बहुतेक माल सोडायचा आदेश निघाला, पण व्यापारी ताबा घ्यायला गेला तेव्हा माल खराब झालेला होता. सरकारने सार्वभौम सत्तेचं कवच पुढे केलं, म्हणजे राज्यसत्ता वापरताना झालेल्या नुकसानीला सरकार जबाबदार नाही, असा बचाव घेतला. ते सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये नाकारलं आणि खालच्या कोर्टाने दिलेला भरपाईचा हुकूमनामा पुन्हा लागू केला. त्याच कायद्याच्या कलम 6 क मध्ये तरतूद आहे, की जप्तीचा आदेश अपिलात रद्द झाला आणि माल परत देता आला नाही, तर जप्तीच्या दिवसापासून वाजवी व्याजासह किंमत द्यायची. त्यासाठी अधिकाऱ्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. परवाना रद्द करायचा किंवा कारखाना बंद करायचा अधिकार देणाऱ्या प्रत्येक कायद्यात असं कलम असलं पाहिजे, अशी माझी मागणी आहे. नव्या नियमांच्या मसुद्यावर हरकती मागवतात तेव्हा ती लेखी नोंदवा. मसुदा कायदा झाल्यावर ते कलम घालून घेणं फार कठीण जातं.