घट्ट रॅक आणि एक्स-रेची फिल्म

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, काल इथे संतसाहित्यावर बोलणं झालं, उद्या मधुमेहावर आहे, आणि मधल्या दिवशी तुम्ही माझ्या तावडीत सापडलात. पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: पूलच्या टेबलावर चेंडू झटपट आणि घट्ट कसे मांडावेत. पूल म्हणजे काठीने चेंडू मारून टेबलाच्या खिशांत घालायचा खेळ, आणि सुरुवातीच्या मांडणीला म्हणतात रॅक. तिसऱ्या रांगेतल्या काकू शेजारणीला विचारताहेत, हे काय आणि नवीन? काकू, कॅरम खेळलाय ना? मधे राणी, भोवती सहा सोंगट्या, त्यांच्याभोवती बारा, आणि दोन्ही तळहातांनी सगळं आवळून धरायचं. हात काढला की एखादी सोंगटी हमखास सुटते. भानगड तीच आहे. फक्त सोंगटी जिथल्या तिथे बसते, चेंडू घरंगळतो. झालं, आता तुम्ही आमच्यातल्या.

माझी हयात बेळगावच्या उद्यमबागेत टूलरूममध्ये गेली. जिग आणि फिक्स्चर, म्हणजे काम नेमक्या जागी धरणारे साचे, बनवणं हा धंदा. फौंड्रीतून कास्टिंग आलं की त्याला भोक कुठे पाडायचं हे ड्रिलवरच्या पोराच्या नजरेवर कुणी सोडत नाही. जिग ठरवतं. नग पहिला असो की हजारावा, भोक त्याच जागी पडतं. अक्कल जिग बनवताना एकदाच घालायची, मग रोज नुसता हात चालवायचा. हे आपल्या गावातल्या लेथवरच्या पोराला कळतं. पण तोच पोरगा संध्याकाळी पार्लरमध्ये जातो, प्लास्टिकचा त्रिकोण हातात घेतो, चेंडू पुढे-मागे घासत बसतो आणि म्हणतो, "हाताला सवय लागते की." माझं सगळं भांडण या वाक्याशी आहे.

हा खेळ आपल्याला परका नाही हेही सांगतो, म्हणजे विषय कशाला घेतला असं कुणी विचारणार नाही. पूलचा भाऊबंद स्नूकर हा १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याने तो काढला. म्युनिक करारवाला ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन तो वेगळा. जिथे कॅम्प तिथे मेस आणि जिथे मेस तिथे टेबल. बेळगावला कॅम्प कुठे आहे हे मी सांगायला नको. विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, ते जन्माने पुण्याचे. पंकज अडवाणींचा जन्मही पुण्याचाच आणि खेळाडू म्हणून घडले बंगळुरात. म्हणजे एवढ्या मोठ्या खेळाडूच्या वाटेत बेळगाव लागलंच असणार. दोन्ही राज्यांनी दावा सांगावा असा हा एकच विषय मला माहीत आहे की ज्यावरून अजून बस अडवलेली नाही. (हशा)

असो. आमच्या पार्लरची गोष्ट. नाव सांगत नाही, मालक हयात आहेत आणि त्यांचे पाहुणे सभागृहात असतील. तिथे टेबलाचे पैसे मिनिटावर. भिंतीवर मीटर, लाल आकडे. तुम्ही खेळा, खोकला काढा, चहा प्या, मीटरला फरक पडत नाही. चेंडू मांडायला एक म्हातारा मार्कर होता, त्याला सगळे मामा म्हणायचे. मामा त्रिकोणात चेंडू भरणार, त्रिकोण पुढे ढकलणार, मागून बोटांनी दाबणार आणि मग श्वास रोखून त्रिकोण उचलणार. उचलला की शेवटच्या रांगेतला एक चेंडू केसभर मागे सरकायचा. कापड जुनं, स्पॉटपाशी, म्हणजे रॅक लावायच्या ठरलेल्या खुणेपाशी, वर्षानुवर्षं चेंडू ठोकून ठोकून खड्डे पडलेले. प्रत्येक चेंडू आपापल्या खड्ड्यात जाऊन बसणार, आणि हे खड्डे कुणी मोजून पाडलेले नव्हते.

"मामा, लूज आहे की हो."

"तुझा हात लूज आहे. मार गुमान."

समोरचा खेळाडू म्हणणार, मला चालतंय. चालणारच, ब्रेक, म्हणजे रॅक फोडायचा पहिला फटका, त्याचा नव्हता ना! मग दोघे वाकून, एक डोळा मिटून, चेंडूंच्या फटीतून उजेड दिसतो का बघणार. परत त्रिकोण. परत मामा. आम्ही मामांना 'महाजन आयोग' म्हणायचो. सीमाप्रश्नावरच्या १९६७ च्या अहवालासारखाच मामांचा निकाल: एका बाजूला कायम मान्य, दुसऱ्या बाजूला कायम अमान्य, आणि प्रकरण पुढे चालू. सीमाभागातल्या माणसाला अर्ध्या मिलिमीटरचं महत्त्व कुणी शिकवायला नको. आणि हा सगळा वेळ भिंतीवरचे लाल आकडे पळताहेत! पैसे आम्ही खेळायचे देत होतो की मांडामांडीचे?

तेव्हा आमच्यातल्या एकाने मोबाइलवर परदेशातले सामने दाखवले. तिथे पंच प्लास्टिकचा एक पातळ पत्रा टेबलावर ठेवतो, त्यातल्या भोकांवर चेंडू ठेवतो, बोटाने जरा सारखे करतो आणि बाजूला होतो. त्रिकोण नाही, ढकलणं नाही, ठोकणं तर नाहीच. मी म्हटलं, अरे हे तर जिग! मागवायला गेलो तर किमतीत घरच्यांचा किराणा आला असता. म्हणून घरातली जुनी एक्स-रे फिल्म काढली आणि तिलाच भोकं पाडून पत्रा केला. पॉलिएस्टर, साधारण ०.१८ मिलिमीटर जाड, सपाट आणि चिवट. आमच्या आईच्या गुडघ्याची होती. मांडणी अशी जमली की नऊ नंबर बरोबर वाटीवर बसायचा. आई म्हणाली, "माझा गुडघा तरी कुणाच्या कामाला आला."

पत्रा घेऊन पार्लरला गेलो. पहिलाच रॅक असा बसला की मामांनी चष्मा काढून पुसला. आणि मालक काउंटरवरून उठून आले. "अण्णा, टेबलावर एक्स-रे नको. गिऱ्हाईक घाबरतात." मी म्हटलं, रंग मारून आणतो. तर म्हणाले, "कापड खराब होतंय." खड्ड्यांनी चाळण झालेलं कापड पत्र्याने खराब होणार! खरं कारण भिंतीवर लाल अक्षरात लिहिलेलं होतं. मी बोट दाखवलं. त्या दिवसापासून मालकांनी माझ्याशी बोलणं सोडलं, आणि मला टेबल नेहमी पंख्याखालचं, जिथे...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं. पंख्याचं राहू द्या, जरी ते महत्त्वाचं होतं.

तर मूळ मुद्दा. घट्ट म्हणजे काय? पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा. ब्रेकचा मार बसला की तो चेंडूतून चेंडूत जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात. चेंडू टेकलेले असतील तर जोर ठरलेल्या रेषांनी पोचतो. मधे केसभर फट असली तर पुढचा चेंडू आधी हलतो आणि मग धडकतो, दिशा बदलते, रॅक फुटायच्या ऐवजी फुसका होतो. घट्ट म्हणजे एकमेकांना टेकलेलं. दाबलेलं नव्हे. त्रिकोण बाहेरून दाबतो आणि उचलला की दाब जातो, पण चेंडू जिथे थांबायला हवा तिथे धरून ठेवायला काहीच उरत नाही. पत्रा खालून धरतो आणि तिथेच राहतो. फरक एवढाच, आणि सगळा हाच.

आता जरा हिशेब, शिक्षक मंडळी बसलीत म्हणून. पंधरा चेंडूंच्या त्रिकोणात तीस ठिकाणी स्पर्श हवा. सपाटीवर एका चेंडूची जागा सांगायला दोन आकडे, पंधरांचे तीस. अख्खा रॅक सरकवणं-फिरवणं याचे तीन वजा करा, उरले सत्तावीस. म्हणजे सत्तावीस स्पर्शांत सगळं पक्कं होतं, वरचे तीन फुकटचे. हे तीन जुळतात ते सगळे चेंडू तंतोतंत सारखे असतील तरच. नियमाने व्यासात ०.१२७ मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. पार्लरमध्ये हरवलेला सहा नंबर दुसऱ्या सेटमधून आणलेला असतो आणि बाकीच्यांवर चॉकची पुटं असतात, तिथे तीसच्या तीस स्पर्श देवालाही जमायचे नाहीत. नाइन बॉल म्हणजे नऊच चेंडूंचा खेळ, त्याच्या चौकटीत सोळा स्पर्श आणि गरज पंधराची, फुकटचा एकच. म्हणून नाइन बॉलचा रॅक लवकर जमतो. यावर उपाय म्हणजे चेंडू पुसा, एकाच सेटचे ठेवा. पत्रा जादू करत नाही.

पत्रा कसा करायचा ते भराभर. ५७.१५ व्यासाचा चेंडू ०.१८ मिलिमीटर जाडीच्या भोकात बसून खाली कापडालाही टेकायला हवा, तर भोक साधारण ६.४ मिलिमीटर व्यासाचं येतं. त्याहून लहान केलं तर चेंडू कडेवर तरंगतो, मोठं केलं तर आत हिंडतो. आणि मेख इथे आहे: भोकांची केंद्रं ५७.१५ वर नका ठेवू, एक कणभर आत घ्या. म्हणजे बाहेरचा चेंडू बाहेरच्या कडेवर किंचित चढतो आणि स्वतःच्या वजनाने आत, शेजाऱ्याच्या अंगावर रेलतो. मधल्यांना शेजारी धरतात, त्यांची भोकं सैल चालतात. कात्रीने हे होत नाही. रेडियम कटिंगवाल्याकडे प्लॉटर असतो, त्याला ड्रॉइंग द्या. कडेला बर, म्हणजे कापल्याचा खरखरीत कंगोरा, राहिला तर बारीक पॉलिश पेपर. पत्रा गुंडाळून ठेवू नका, एकदा कड वळली की संपला.

लावताना टोकाचा चेंडू आधी, मग मागे मागे. एट बॉल, म्हणजे पंधरा चेंडूंचा खेळ, असेल तर आठ मधे, मागच्या दोन कोपऱ्यांत एक सॉलिड म्हणजे एकरंगी, एक स्ट्राइप म्हणजे पट्ट्याचा. ब्रेक झाल्यावर पत्र्यावर चेंडू नसेल तर लगेच उचला. चेंडू बसला असेल तर तो हटेपर्यंत ठेवा, नाहीतर उगाच चेंडू हलवल्याचं बालंट येतं.

दुसरी चिठ्ठी. एक शंका मीच विचारतो, कारण तुम्ही विचारणार: रॅक रोज इतका सारखा बसला तर ब्रेक पाठ होणार नाही का? होतो. नाइन बॉलमध्ये तेच झालं, कडेचा चेंडू दर वेळी कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये जायला लागला. त्यावर काही मोठ्या स्पर्धांनी पत्रा नाही काढला. त्यांनी एक नंबरच्या ऐवजी नऊ नंबर स्पॉटवर आणला आणि ब्रेक टेबलावर मधे आखलेल्या चौकोनातूनच करायचा असं ठरवलं. जिग बरोबर निघालं की ड्रॉइंग बदलतात, जिग मोडत नाहीत. आमच्या मालकांना हे पटलं असतं तर... नाही, तिसरी चिठ्ठी येतेय, आणि ती खुद्द अध्यक्षांच्या हातात आहे. ड्रॉइंगच्या झेरॉक्स दाराशी ठेवल्यात. ज्यांच्या घरी जुने एक्स-रे असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा लागणार नाहीत ना, आणि मगच भोकं पाडा.