पीए होण्याआधीचे हजार तास

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं : ड्यूक विद्यापीठ, डरहॅम, नॉर्थ कॅरोलिना)

१९६५ साल. डरहॅममधल्या ड्यूक विद्यापीठात डॉक्टर यूजीन स्टेड यांनी एक नवा वर्ग सुरू केला. विद्यार्थी चारच, आणि चौघेही अमेरिकी नौदलात कोअरमन म्हणून काम केलेले. कोअरमन म्हणजे नौदलातले वैद्यकीय सहायक. जखमा बांधणं, इंजेक्शन देणं, आजाऱ्याची देखभाल करणं हे त्यांचं रोजचं काम. पण नौदल सोडलं की या अनुभवाला बाहेर कुणी विचारत नव्हतं. दुसरीकडे, डॉक्टर मात्र सगळीकडे कमी पडत होते. स्टेड यांनी या दोन्हींची सांगड घातली. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्या चौघांपैकी तिघांनी शिक्षण पूर्ण केलं. ते पहिले फिजिशियन असिस्टंट, म्हणजेच पीए.

आज अमेरिकेत पीएचे तीनशेच्या आसपास अभ्यासक्रम आहेत. पीए रुग्ण तपासतात, निदान करतात, औषधं लिहून देतात, ऑपरेशनमध्ये सर्जनच्या जोडीला उभे राहतात. शिक्षण मास्टर्सच्या पातळीचं, बहुतेक ठिकाणी सव्वादोन वर्षांचं. आणि प्रवेश मागायला येणाऱ्याने आधी रुग्णसेवा केलेली असावी, ही अपेक्षा त्या पहिल्या वर्गापासून आजतागायत टिकून आहे.

(दृश्य : न्यू जर्सी, एका घरातलं जेवणाचं टेबल, वह्या, लॅपटॉप)

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांमध्ये नेमकी हीच अपेक्षा कमी लेखली जाते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये काय किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात काय, मुलांच्या मार्कांची चौकशी होते, ट्यूशन लावली जाते. पण बायॉलॉजीची पदवी हातात असलेली मुलगी नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात, कमी पगारावर म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालते, हे नातेवाइकांना सांगताना आईवडिलांना संकोच वाटतो. हा संकोच सोडायला हवा. ती मुलगी वेळ वाया घालवत नाही. तिच्या अर्जातला सगळ्यात भक्कम भाग ती तिथे उभा करत असते.

(दृश्य : नर्सिंग होम, सकाळची पाळी)

तिचं पद सीएनए, सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. यासाठी निदान ७५ तासांचं प्रशिक्षण असावं असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आहे. काही राज्यांत त्याहून जास्त लागतं. मग परीक्षा, आणि मग थेट वॉर्ड.

अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांना ती कुशीवर वळवते आहे. सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी हे करायचं. एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली, आधी त्यांना सांगून, मग हळूच. वळवल्यावर ती आधी त्यांची पाठ पाहते. माकडहाडाच्या जागी त्वचा लालसर झाली आहे. ती तिथे बोट दाबून उचलते. दाबलेली जागा क्षणभर फिकी पडली, तर रक्त अजून नीट खेळतंय. लाली जशीच्या तशी राहिली, तर बेडसोअरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे आणि नर्सला लगेच कळवायचं. आजोबांची लाली हटत नाही. ती नर्सला बोलावते, मग टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी सरकवते आणि वेळ नोंदवून ठेवते.

पुढे पीए स्कूलमध्ये त्वचेखालचा रक्तपुरवठा शिकवतील, तेव्हा तिच्यासाठी ती नुसती आकृती नसेल.

असे तास मोजले जातात. किमान किती हवेत हे प्रत्येक अभ्यासक्रम स्वतः ठरवतो. कुठे ५००, कुठे १०००, कुठे २००० सुद्धा. निवड झालेल्यांचे तास बऱ्याचदा या किमान आकड्याच्या पुष्कळ पुढे असतात. सीएनए, ॲम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करणारा इएमटी, दवाखान्यातला मेडिकल असिस्टंट, रक्त काढणारा फ्लेबॉटमिस्ट, या कामांत रुग्णाची थेट जबाबदारी असते. डॉक्टरांच्या शेजारी बसून नोंदी टाइप करणारा स्क्राइब खूप काही शिकतो, पण काही अभ्यासक्रम ते तास रुग्णसेवेत धरतात, काही धरत नाहीत. रिसेप्शनवरचं काम वेगळ्या रकान्यात जातं. पीएच्या मागे फिरून नुसतं पाहणं, म्हणजे शॅडोइंग, त्याचाही रकाना वेगळा. नोकरी धरण्याआधी आपल्या यादीतल्या अभ्यासक्रमांचे नियम वाचायला एक संध्याकाळ दिली, तर पुढचं वर्ष वाचतं.

(दृश्य : कम्युनिटी कॉलेजची प्रयोगशाळा)

अभ्यासाची बाजू तितकीच कडक आहे. ॲनाटमी आणि फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, बऱ्याच ठिकाणी ऑरगॅनिक किंवा बायोकेमिस्ट्री, शिवाय स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजी. यांतले काही विषय प्रयोगशाळेसकट लागतात. काही ठिकाणी फार जुने मार्क चालत नाहीत, विषय गेल्या पाच, सात किंवा दहा वर्षांत झालेला असावा लागतो. बहुतेक अर्ज कॅस्पा या सामायिक व्यवस्थेतून जातात. कॅस्पा गुणांची सरासरी स्वतः काढते, आणि एखादा विषय पुन्हा दिला तर जुने आणि नवे दोन्ही गुण धरते. कॉलेजने जुनी श्रेणी पुसली असली तरी इथे ती मोजली जाते. म्हणून एका सत्रात चार विज्ञान विषय आणि आठवड्याला चाळीस तास नोकरी हा हिशोब करू नये. तास पुढच्या वर्षीही भरता येतात. घसरलेली सरासरी वर काढायला फार काळ लागतो.

(दृश्य : पुण्याच्या महाविद्यालयाची गुणपत्रिका, जवळून)

आपल्याकडून बीपीटी, बीएचएमएस किंवा बीडीएस करून लग्नानंतर अमेरिकेत आलेल्या अनेकजणी या वाटेचा विचार करतात. त्यांची वाट जास्त खडतर आहे. परदेशी गुणपत्रिकेचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि पुष्कळ अभ्यासक्रम आवश्यक विषय अमेरिकेतल्याच कॉलेजातून मागतात. एच-४ व्हिसावर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं, पण नोकरीला वर्क परमिट लागतं, आणि परमिटशिवाय पगारी तास भरता येत नाहीत. काही ठिकाणी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डचीही अट असते. हे कॉलेजची फी भरण्याआधी विचारून घ्यावं. भारतातही पीएचे अभ्यासक्रम आहेत, पण त्या पदवीवर अमेरिकेतली पान्स ही परवान्यासाठी लागणारी परीक्षा देता येत नाही. त्यासाठी अमेरिकेतलाच मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

(दृश्य : लॅपटॉपच्या पडद्यावर अर्ज)

अर्जात निवेदनासाठी ५००० अक्षरं मिळतात, रिकाम्या जागा धरून. तिथे ‘मला लहानपणापासून लोकांची सेवा करायची होती’ असं लिहिणारे पुष्कळ असतात. आजोबांच्या पाठीवरची न हटणारी लाली लिहिणारी क्वचित सापडते. आणि डॉक्टर किंवा नर्स न होता पीएच का, याचं उत्तर तिला द्यावंच लागतं. ते उत्तर तिला पाळीवर पीएंच्या शेजारी काम करतानाच सापडलेलं असतं : टीममध्ये राहून रुग्ण पाहायचा, आणि पुढे हवं तर सर्जरीतून इमर्जन्सीत, इमर्जन्सीतून कुटुंबवैद्यकात नव्याने शिक्षण न घेता जायचं.

कॅस्पाचं नवं चक्र एप्रिलच्या अखेरीस उघडतं. बरेच अभ्यासक्रम अर्ज येतील तसे वाचत जातात आणि जागा भरत जातात, त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट पाहणाऱ्याचं नुकसान होतं. शिफारसपत्रं फेब्रुवारीतच मागावीत, त्यातलं एक तरी अशा माणसाचं असावं ज्याने तुम्हाला रुग्णाजवळ काम करताना पाहिलंय. आणि तासांची नोंद पहिल्या पाळीपासूनच ठेवावी : तारीख, वेळ, काम, आणि वरिष्ठाचं नाव.